ठुशीचा दोरा

केशवापुरात औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. माझ्या पुढं एक बाई आणि तिची लग्न झालेली लेक.

“रोज गोळी? वेड्यांची तर नव्हे ना गं?”

“थायरॉईडची आहे, आई. हार्मोन कमी पडलं की अंगात त्राण राहत नाही, काही आठवत नाही, उगीच रडू येतं. गळाही सुजतो. डॉक्टरांनी सांगितलं ना आत्ता?”

“आणि तुझी सासू आळशी म्हणते तुला.”

“तूही म्हणालीसच की. घरात आधी कुणाला होतं का विचारलं, तर लगेच मान हलवलीस.”

“नव्हतंच कुणाला... अय्यो.”

“काय झालं?”

“आमची थोरली बहीण, सुमित्राक्का. चुलीवर दूध ठेवून विसरायची. भर उन्हात शाल घेऊन पडून असायची. बाहेरचं काही लागलंय म्हणून नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. आमच्या मागच्या खोलीतच गेली ती.”

“गळा सुजला होता तिचा?”

“ठुशी बसेना तिला. आमच्या अप्पांचंच सोनाराचं दुकान. अंग सुटलंय म्हणत अप्पांनी दोनदा दोरा वाढवून दिला.”

“आई! गळ्याकडं कुणीच बघितलं नाही?”

“सगळ्यांनी ठुशीकडंच बघितलं गं.”

“कुठाय ती ठुशी?”

“लग्नात तुला घातली ती.”

“तीच? मला घट्ट होतेय म्हणून परवा तुझ्याकडं दिली, ती?”

“सकाळीच अप्पांच्या दुकानात गोविंदमामाकडं टाकून आले. दोरा वाढवायला.”