गाळलेली ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी धर्मशास्त्र शिकवणारे एक म्हातारे सर थेंब घालून डोळे मिटून बसले होते. त्यांची थोरली बहीण त्यांना बायबलमधलं स्तोत्र वाचून दाखवत होती.

“ताई, शेवटची ओळ गाळलीस.”

“गाळली. शत्रूची तान्ही पोरं खडकावर आपटणारा म्हणे धन्य! जन्मभर सुईणपण केलंय मी. माझ्या तोंडून नाही निघायचं ते.”

“अगं, ती खरी पोरं नव्हेत. पहिल्या शतकांतल्या आपल्या धर्मपंडितांनी केव्हाच उलगडून ठेवलंय. पोरं म्हणजे मनातले वाईट विचार. लहान आहेत तोवरच आपटायचे. आणि खडक म्हणजे ख्रिस्त.”

“असं तिथे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही, अर्थ आहे तो. चाळीस वर्षं हेच शिकवतोय मी.”

“आणि स्तोत्र लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं?”

“त्याचं शहर जाळलं होतं, माणसं धरून नेली होती. संतापला होता बिचारा.”

“म्हणजे तो खऱ्याच पोरांबद्दल बोलत होता.”

“ताई, एवढे मोठे लोक काय उगाच सांगतील?”

“उगाच कशाला? त्यांनाही ती ओळ वाचवत नसेल. मी गाळली, त्यांनी अर्थ बदलला.”

“अगं, ते कुठे, तू कुठे!”

“बरं बाबा, मी कुणी नाही. संध्याकाळपर्यंत तुला नीट दिसायला लागेल ना? मग तूच वाच. मोठ्याने. अर्थ न सांगता.”

“पुढचं स्तोत्र घे, ताई.”