आमच्या लाइनीतला पेशंट

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाचं खेडं. घरी धान थोडं अन् पोट्ट्या जास्त, म्हणून आमी बहिणी आंगणात बसून बिड्या वळत होतो. लग्न झालं तवा मी पहिल्यांदा रेल्वेत बसली, काय सांगू तुमाले, पॉवर हाऊस नावाच्या टेशनावर उतरली तं तिकडं आभाळ लाल दिसून राहिलं होतं, मले वाटलं गावाले आग लागली. आमचे हे हासले, म्हणे आग नाई वं, लोखंडाचा प्लांट हाय. हे म्हणजे गणेशचे बाबा. कोळसा भाजते नं प्लांटात, कोक ओव्हन म्हणते त्याले, तिथं होते रिटायर होतवरी.

आमच्या यायचा खोकला तवापासूनचाच समजा. कोणी म्हणे धूळ, कोणी म्हणे बिडी, डॉक्टरनं फोटो काढला अन् म्हटलं फुफ्फुस कमजोर हाय, पंप घेत जा, ते तोंडात फुस्स करायचं राह्यते नं, ते. पण खोकला गेला नाई. सकाळी हे आंगणात उभे राहून खोकत अन् बाजूची साहू भाभी मधल्या भितीपलीकडून म्हणे, चलो, भैया उठ गए, अब मैं भी गैस जलाऊं. आमची भित एकच हाय, क्वार्टरची, इकडं शिट्टी झाली का तिकडं भात झाला समजते. साऱ्या लाइनीले, म्हणजे क्वार्टरच्या अख्ख्या रांगेले, तो खोकला ठाऊक होता, कोणाले त्याचं काई वाटत नव्हतं.

मंग ते कोरोनाचं आलं. पहिले टीव्हीवर होतं, दुसऱ्या देशात, मंग मुंबईत, मंग एक दिवस म्हणे रायपुरात निघाला, अन् रायपूर म्हणजे काय, इथं तं हाय, कुम्हारीच्या पुढं. आमचा गणेश कुम्हारीलेच राह्यते, बायको-पोरं घेऊन, हथखोजले एका कारखान्यात फिटर हाय. कारखाना बंद, रस्ता बंद, चौकात पोलीस, येणार कसा? फोनच होता तेवढा.

अन् फोनावर काय काय येत होतं बाप्पा! कोणी म्हणे विमानातून औषध मारणार हाय, बाहेर कपडे वाळू घालू नका, आमी ओले कपडे घरात घेतले. कोणी म्हणे कोंबडी खाऊ नका, कोणी म्हणे गल्लीत नोट पडली तं उचलू नका, कोणी म्हणे कापूर-लवंगेची पुरचुंडी हुंगा, मी बांधली, हुंगली बी. पण सगळ्यात जास्त भ्याव कायचं होतं, तं नेलेल्या माणसाचं. म्हणे खोकणारा दिसला का गाडी येते, घेऊन जाते, अन् तो परत येत नाई, मैत प्लास्टिकात गुंडाळते, घरच्यायले तोंड दाखवत नाई. खरं किती खोटं किती, कोणाले विचारणार? दार लावून बसलेल्या माणसाले सगळंच खरं वाटते.

अन् माझ्या घरात खोकणारा माणूस.

पहिले मीच म्हटलं, अजी, आंगणात नका जाऊ, आतमंदी खोका. मंग आतमंदी बी भित एकच, म्हणून मी टीव्ही मोठा केला. खोकला आला का मी मिक्सर सुरू करू, रिकामाच, आत काई नाई. हे गोधडीत तोंड खुपसून खोकत, डोळे लाल होऊन येत, मी पाठ चोळू, अन् मनातल्या मनात म्हणू, देवा, हळू, हळू. नवरा जीव तोडून खोकते अन् बायको म्हणते हळू, असे ते दिवस होते जी. मंग मले रात्रंदिवस दुसरंच लागलं, का हा खोकला जुनाच हाय का त्यात नवा मिसळला? मी कपाळाले हात लावून पाहो. हे म्हणे, कावून पाहून राहिली वं सारखी? मी म्हणो, काई नाई.

भाभी भितीपलीकडून बोलेनाशी झाली. दूधवाला गेटच्या बाहेरच पातेल्यात दूध ओतून पळे.

एक दिवस दुपारी गणेशचा फोन आला, घाबरला होता. म्हणे आई, बाहेर पाय नको टाकू, तुमच्या इकडं पेशंट निघाला. मी म्हटलं कोठी? म्हणे तुमच्याच लाइनीत, ग्रुपवर आवाजाचा मेसेज आला हाय, प्लांटातला रिटायर बुढा हाय म्हणे, घरच्यायनं लपवून ठेवला, रात्रंदिवस खोकते, बायको टीव्ही मोठा लावते. तू फक्त बाबाले सांभाळ. मी फोन कानाले लावून उभी. त्याले कसं सांगू? मंग तोच हळूच म्हणे, आई, बाबा तं नाई नं?

यायनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् समजले. म्हणे, येइन आता गाडी. कपडे काढून ठेव माहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलीच. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे दोघं, डोळे बी दिसत नव्हते. एकजण म्हणे, बाबूजी, डरो मत, सिर्फ टेस्ट होगा. मी म्हटलं, ये खांसी पुरानी है भैया, पूरी लाइन को मालूम है, पूछ लो. मी लाइनीकडं पाह्यलं, तं सारी दारं बंद, खिडकीचे पडदे हालून राहिले, अन् समोरच्या छतावर कोणीतरी मोबाइल धरून होतं. हे म्हणे, अपने पैर से चलूंगा. लुंगी, पंप, बिस्कुटाचा पुडा, एवढं मी थैलीत कोंबलं. मले गाडीत बसू दिलं नाई. दारावर कागद चिपकवला अन् गेले.

चार्जर घरीच राह्यला. यायचा फोन संध्याकाळी लागला, मंग बंद. दुसरा पुरा दिवस बंद. अन् त्याच दिवशी माह्या माहेरून भावजयचा फोन आला, रडून राहिली, म्हणे बाई, भाऊजी गेले म्हणे, आमच्या इकडं मोबाइलवर आलं. मी म्हटलं कोण म्हणते? तं म्हणे सारेच म्हणते. मले पाणी सुचेना. गणेशनं जिथं-जिथं लावता येइन तिथं फोन लावले, कोणी उचलत नाई, उचललं तं म्हणे बाद में करो. दारावर कागद, बाहेर जाता येत नाई, जवळ कोणी येत नाई. मी कुंकवाचा करंडा हातात घेऊन बसली. लावू का नको, तेच समजेना.

सांजच्याले अनोळखी नंबर वाजला. मी उचलला. तिकडून कोणी बोलेच ना, नुसता खोकला. तोच खोकला! मी एवढ्या जोरानं रडली का भितीपलीकडं ऐकू गेलं असन. हे म्हणे, अवं रडते कावून, इथं डाळ पातळ देते, बाकी बरा हाय, बाजूच्या खाटेवरच्या पोट्ट्याच्या फोनवरून लावला. यायले ठाऊकच नाई का जगात हे मेले म्हणून.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. गाडीनं चौकात सोडलं, तिथून थैली घेऊन एकटे चालत आले, कोणी दार उघडलं नाई. आता लोक म्हणे, दवाखान्यातून रोग घेऊन आला असन. जीव वाचला तरी भ्याव काई सुटेना. लय दिवसानं भाभीनं भितीवरून कोचईचे, म्हणजे अळूचे, पानं दिले, डोळ्यात पाणी होतं. गाडीवाल्यायले फोन कोणी केला, आमाले आजवर माहीत नाई. मी एकदा विषय काढला तं हे म्हणे, राहू दे वं, त्याले बी घरात पोरंबाळं असन, त्याले बी भ्याव वाटलं असन.

आता चाललं हाय बरं. दम कमी झाला यायचा, चौकापर्यंत जाते, दोनदा बसते. भाभी बोलते, मी बी बोलतो, गणेश दर रविवारी येते. देवानं ठेवलं तेवढं खूप हाय, तुमाले बी ठेवो, तुमच्या घरच्यायले बी. पण मले एक लागून गेलं ते गेलंच. गल्लीत मोठी गाडी थांबली का माहे हात आपोआप दाराची कडी लावते. मंग हे आतून म्हणते, अवं कचऱ्याची गाडी हाय, बाल्टी ने. अन् मी कडी काढतो, बाल्टी घेऊन जातो.