बरी असल्याचं पत्र

टिटवी : आधी हा "सध्या" खोडा.

डॉक्टर : माझ्या पत्रात खोडाखोड नसते.

टिटवी : मग दुसरं लिहा. "सध्या रक्ताच्या कॅन्सरची चिन्हं आढळत नाहीत." उपचार संपून सतरा वर्षं झाली, डॉक्टर. सतरा वर्षं सध्याच चाललंय का?

डॉक्टर : बरं चाललंय ना? चालू दे.

टिटवी : जहाज कंपनीचा डॉक्टर वाचून हसला. म्हणाला, सध्या बुडत नाही, असं जहाज आम्ही घेत नाही. उद्या दुपारपर्यंत "पूर्ण बरी" असं लेखी द्या, नाहीतर माझी जागा दुसऱ्याला.

डॉक्टर : मला फोन करायला सांग त्याला.

टिटवी : केला त्याने. तुम्ही त्याला अर्धा तास रक्तपेशी शिकवल्यात.

डॉक्टर : गरज होती त्याला.

टिटवी : जहाजाचं इंजिनिअरिंग शिकताना चार वर्षं इंजिनखोलीत ग्रीसमध्ये लोळलेय मी. चाळीस मुलगे आणि मी एकटी. त्यांच्यातल्या एकानेही अडवलं नाही. अडवलंत ते तुम्ही.

डॉक्टर : मी? सुई दिसली की अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायचीस. टिटवी नाव उगाच नाही ठेवलं. तेव्हा तुला धरून बसायचं कोण?

टिटवी : उपकार काढू नका. ते खातं आईकडे, तिने तुमचा फोटो लावलाय. मला शब्द हवाय.

डॉक्टर : तीस वर्षांत तो शब्द मी एकदाच लिहिलाय. तुझ्या शेजारच्या खाटेवरच्यासाठी.

टिटवी : उशीखाली गोट्या ठेवायचा तो?

डॉक्टर : तोच. उपचार संपून तीन वर्षं झाली होती. त्याच्या आईने हट्टच धरला, मी कार्डावर लिहिलं, "बरा झाला." तिने ते चौकटीत लावलं आणि तपासणीला आणणं बंद केलं. बऱ्या पोराला कशाला टोचायचं? परत आणला तेव्हा फार उशीर झाला होता.

टिटवी : आम्हाला सांगितलंत, तो दुसऱ्या गावी गेला.

डॉक्टर : बारा वर्षांची होतीस तू.

टिटवी : आणि तेव्हापासून त्याची शिक्षा मी भोगतेय.

डॉक्टर : शिक्षा नाही, सावधगिरी.

टिटवी : भीती. तुमची. मला वाटायचं, माझ्याच रक्तात काहीतरी उरलंय, म्हणून तुम्ही लिहीत नाही. दरवर्षी तुमचा कागद घेऊन घरी गेले की आठ दिवस अंगावरचे काळेनिळे डाग शोधत बसायचे. साधं दाराला आपटलेलं असलं तरी.

डॉक्टर : हे कधी बोलली नाहीस.

टिटवी : विचारलंत कधी? तुम्ही हिमोग्लोबिन विचारलंत.

(डॉक्टर कोरा कागद पुढे ओढतात आणि लिहितात.)

डॉक्टर : "पूर्ण बरी आहे." घे. शिक्का बाहेर मारून मिळेल.

टिटवी : आणि हे माझं कार्ड. यावर पुढच्या तपासणीची तारीख घाला.

डॉक्टर : बऱ्या माणसाला तारीख कशाला?

टिटवी : कॅन्सरच्या त्या औषधांनी पुढे हृदयाला काय होऊ शकतं, ते तुम्हीच घोकून घेतलंय माझ्याकडून. लिहा.

डॉक्टर : पुढच्या वर्षी मी इथे नसेन. निवृत्त होतेय.

टिटवी : तुम्हाला भेटायला कोण येतंय?