अकराव्या पानावरचा हात

भिंगरी : चेहरा दिसत नाही, चेहरा दिसत नाही, काय लावलंयस मघापासून? अगं ताई, चेहरा कोण बघतंय! हा माझा हात बघ. आता तुमच्या संस्थेच्या पुस्तिकेतला बघ.

ताई : हळू बोल. बाहेर खुर्च्या लावतायत.

भिंगरी : त्याच खुर्च्यांवर ठेवणार ना हे? एकेका खुर्चीवर एकेक?

ताई : हो. तीनशे आहेत. पण अगं, कुणाला कळणार? फोटोत नुसता एक हात आणि चहाचा कप.

भिंगरी : हात, कप आणि मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीचा डाग. टोकासकट! खाली छापलंय, 'तीन वर्षं बंद घरात राबवलेल्या मुलीचा हात'. असा डाग या शहरात आणखी कितीजणींना असेल, सांग की.

ताई : आम्ही दोघींनी दहा वेळा तपासलं होतं गं. मी आणि बाईंनी. तुझं नाव नाही, गाव नाही, तुला फसवून नेणाऱ्या त्या माणसाचा उल्लेख नाही. डागाकडे मात्र लक्षच गेलं नाही. आम्हाला त्याची सवय झालीय ना.

भिंगरी : बेकरीच्या मालकांनाही झालीय. पीठ मळायचं म्हणजे बाह्या कोपराच्या वर, रोज दिसतो त्यांना. मी सांगितलंय, लहानपणी खेळता खेळता इस्त्रीवर पडले म्हणून. काल तू हौसेनं पुस्तिका हातात ठेवलीस, मी घरी जाऊन उघडली, तर अकराव्या पानावर माझाच हात!

ताई : पण तुझे मालक इथे कशाला येतील?

भिंगरी : आजच्या केकची ऑर्डर कुणाकडे दिलीत तुम्ही?

ताई : ऑफिसातून दिली. मला काय माहीत... अगं बाई!

भिंगरी : आता कशी बोललीस! सकाळी मीच खोके बांधले. वर तुमच्या ऑफिसातलं कुणीतरी त्यांना म्हणालं, माल पोचवलात की थांबा, कार्यक्रम बघून जा. थांबणार आहेत. ठेवणीतला शर्ट काढलाय. चार वाजता येतील. किती वाजले?

ताई : सव्वातीन. तू बस ना जरा.

भिंगरी : बसवत नाही.

ताई : तुझं नाव भिंगरी ठेवलं ते काही चुकीचं नाही. बरं, समजा त्यांना कळलं. काढून टाकतील?

भिंगरी : छे! लाख माणूस आहे. तीच तर पंचाईत. परवा माझा एक ट्रे करपला, तर सगळ्यांसमोर ओरडले, 'डोळे काय घरी विसरून आलीस?' ताई, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सगळ्यांवर ओरडतात तसे माझ्यावर ओरडले. हे वाचल्यावर ओरडतील का? 'असू दे बाळ, असू दे,' म्हणतील.

ताई : म्हणतील खरं.

भिंगरी : आणि दुकानाची किल्ली. दोन महिने झाले, सकाळी दुकान मी उघडते. ती काढून घेतील. रागानं नाही गं, काळजीनं. 'तू एकटी नको येत जाऊस.' म्हणजे पुन्हा दुसऱ्यानं दार उघडायचं आणि मी बाहेर वाट बघत उभं राहायचं. तुमच्या चिठ्ठीशिवाय मिळवलेलं काम आहे ते माझं. मला तिथे कुणाचीच बिचारी व्हायचं नाही.

ताई : मी बाईंशी बोलते.

भिंगरी : बोलणं पुरे. पान फाड.

(बाई पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन आत येतात.)

बाई : कोण काय फाडतंय? अरे वा, भिंगरी! बरं झालं आलीस. या पुस्तिका बाहेर न्यायला हात लाव.

भिंगरी : हात लावायलाच आलेय, बाई.

ताई : बाई, घोळ झालाय. अकराव्या पानावरचा डाग ओळखू येतो. तिचे मालक आज इथे येतायत, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

बाई : तीनशे प्रती छापून झाल्यावर सांगतेस? पाऊण तासात पाहुणे येतील.

भिंगरी : ती नाही, मी सांगतेय. ते पान काढा.

बाई : सगळा कार्यक्रम त्या पानावर उभा आहे गं. ते वाचून लोक मदत करतात. दुसरं घर भाड्यानं घ्यायचंय. गेल्या महिन्यात दोघीजणी दारात आल्या आणि जागा नाही म्हणून मी त्यांना दुसरीकडे पाठवलं. कुठे आहेत, कशा आहेत, मला माहीत नाही.

भिंगरी : मला कळतंय ते.

बाई : आणि तुला न विचारता काही केलेलं नाही. ताई, फाइल काढ तिची. हा बघ कागद. ही तुझीच सही ना?

भिंगरी : माझीच.

बाई : मग?

भिंगरी : तारीख बघा ना.

ताई : बाई, ही तिला त्या घरातून सोडवून आणल्यानंतर चौथ्या दिवशीची आहे.

भिंगरी : चौथ्या दिवशी. तुम्ही अंथरूण दिलं होतं, साबण दिला होता, ही ताई रात्रभर उशाशी बसत होती. तुम्ही विचारलंत, 'सही करशील ना?' मी म्हटलं, हो. बाई, त्या दिवशी गच्चीवरून उडी मार म्हणाला असतात, तरी 'हो'च म्हटलं असतं.

बाई : मी शब्दन् शब्द वाचून दाखवला होता तुला.

भिंगरी : दाखवला होतात. तुम्ही फसवलं नाहीत मला. पण त्या घरात तीन वर्षांत 'नाही' मी एकदाच म्हटलं होतं. त्याचाच हा डाग. मग चार दिवसांत मला नाही म्हणायला कुठून येणार? आता येतं. आणि म्हणून धावत आलेय.

ताई : बाई, साडेतीन होत आले.

बाई : घड्याळ मलाही दिसतंय. अकरावं काढलं की त्याच्या मागचं बारावंही जाणार. त्यावर अध्यक्षांचं मनोगत आहे.

भिंगरी : ते कोण वाचतं?

ताई : भिंगरी!

बाई : ओरडू नकोस तिच्यावर, खरं बोलतेय. मीच लिहून दिलंय ते, आणि मलाच दुसऱ्यांदा वाचवलं नाही. कटर कुठेय?

ताई : हा घ्या. पट्टी लावून कापा हं. ओढून फाडलं तर पिनांमुळे दुसरीकडचं पानही सुटतं.

बाई : भिंगरी, तू पान उघडून दे. मी कापते. ताई, तू दुसरा गठ्ठा घे. चला, झपाझप!

ताई : अध्यक्षांनी विचारलं तर?

भिंगरी : छापखान्याची चूक म्हणून सांगा.

बाई : छापखान्याची कशाला? माझी आहे, माझी म्हणून सांगीन. चार शब्द ऐकून घेईन. तू निघायचंस कधी?

भिंगरी : पावणेचारला. मागच्या दारानं जाते. मालक समोरून येतील.

बाई : मग बोलू नकोस, पानं उघड.

भिंगरी : तोंड आणि हात वेगवेगळे चालतात माझे. बेकरीतही सगळे हेच म्हणतात... बाई, ही कोण? पंधराव्या पानावर, खिडकीशी पाठमोरी बसलेली?

ताई : नवीन आहे. वरच्या खोलीत असते. अजून फारशी बोलत नाही.

बाई : तिची काळजी नको. मी आत्ताच नीट निरखून पाहिलं, ओळखीची एकही खूण दिसत नाही. आणि सहीही आहे तिची.

भिंगरी : कधीची?

ताई : गेल्या महिन्यातली. फोटो काढणारे मंगळवारी आले होते, त्याच दिवशी घेतली.

भिंगरी : आणि ती आली कधी?

ताई : ती... बाई, ती कधी आली?

बाई : सोमवारी. संध्याकाळी.

ताई : एकशे ऐंशी कापून झाल्यात, बाई.

बाई : आण त्या परत इकडे.