केरबातात्यांचा रांजण

मंडळी, एक विचारतो. पुण्य करता करता पाप घडतं का हो? पुढच्या आजी मान हलवतात — नाही म्हणे! बरं, मग ऐका!

केरबातात्या म्हणून एक भला माणूस. वडिलांच्या नावानं दारात कडुलिंबाखाली रांजण ठेवला. वाटसरूनं प्यावं, चिमण्यांनी प्यावं! आणि व्रत काय? रांजण रिता होऊ द्यायचा नाही! कमी झालं की वरून ओत, कमी झालं की वरून ओत! तळ कुणी बघितलाय? पाण्यात अळ्या वळवळायच्या. शेजारी म्हणाले, "तात्या, वता की हे!" तात्या म्हणतात, "आरं, ते बी जीवच हाईत!"

वा रे भूतदया! हे पाहुणे राहायला रांजणात, आणि जेवायला? घरात! डास, मंडळी, डास!

झालं! तात्यांची बायको हौसाबाई तापानं फणफणली. डोळ्यांमागं ठणका, हाडन् हाड दुखतंय. तात्यांनी काय करावं? दोन घोंगड्या घातल्या, खिडक्या लावल्या! अहो, तवा आधीच तापलाय, वर झाकण कशाला?

डॉक्टरीणबाई आल्या. घोंगड्या काढल्या, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, रक्त तपासलं. "डेंगी आहे. पाणी, पेज पाजत राहा. मनानं अंगदुखीची गोळी देऊ नका."

चार दिवसांनी ताप उतरला. तात्या निघाले पेढे आणायला! बाई म्हणाल्या, "थांबा! खरी काळजी आत्ताच. पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठा. आणि तो रांजण आजच ओता."

तात्यांचा चेहराच उतरला. "बाई, वडलांचं पुण्य वतू?"

अंथरुणातून हौसाबाई बोलली, "अवं, मामंजींनी मला पोटच्या लेकीवानी जपलं. त्यांच्याच नावानं मला मारायला निघालाय व्हय? पुण्य तुमचं आन् ताप माझा?"

तात्या उठले. रांजण आडवा केला. पाणी मातीत गेलं, आणि तात्या लहान पोरासारखे रडले हो! मग आतून घासला, वाळवला, ताजं पाणी भरलं, वर घट्ट झाकण. आता दर आठवड्याला हेच व्रत! हौसाबाई वाचली. देवाची कृपा, आणि बाईंचीही!

हसलात ना तात्यांना? मग सांगा — कूलर कधी रिकामा केलात? फ्रिजमागचं भांडं? गच्चीवरचा टायर? बघा, माना कशा खाली गेल्या! अहो, देव भावाचा भुकेला, तो दोन घटका थांबेल. डास तुमच्या लेकराच्या रक्ताचा भुकेला, तो थांबत नाही! म्हणून घरी जा, आधी भांडी पालथी घाला, मगच देवाला दंडवत घाला. आणि आता टाळ्या वाजवा, हरिनाम घ्या — त्या टाळीत एखादा डास सापडला, तरी देव रागवायचा नाही!