माझ्या वांग्याच्या भाजीचं मूल्यमापन

माझ्या वांग्याच्या भाजीचं एवढं कौतुक करता ना, थांबा, आधी हे ऐका.

सामाजिक योजनांचं मूल्यमापन करणं हे माझं काम. ते नीट शिकावं म्हणून अशी कामं करणाऱ्यांच्या देशभरातल्या नेटवर्कमध्ये मी नाव घातलंय. त्यांच्या ऑनलाइन वर्गात परवा सराव होता. घरातल्या कोणाला तरी एखाद्या बदलाविषयी प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला छान जमतं. मी सासूबाईंना सगळ्या वर्गासमोर, स्क्रीनपुढे बसवून विचारलं, "लग्नानंतर माझ्या वांग्याच्या भाजीत काय फरक पडला?" माहेरी फिकं खाणारी मी, पण आता सासरे माझी भाजी मागून घेतात. त्यामुळे उत्तराची खात्रीच होती.

"लय सुधारली," सासूबाई म्हणाल्या.

मी गप्प. स्क्रीनवरच्या आमच्या शिकवणाऱ्या ताईही गप्प.

"पहिले कोणी खात नव्हतं. आता खातात."

मी गप्पच.

"अशी काहून पाहून राहिली वं? बरं, सांगते. तू आंघोळीले गेली का मी वरून मसाला टाकते."

झालं! सासरी कमावलेलं माझं सगळं नाव देशभरच्या लोकांसमोर गेलं.

ताई हसू दाबत म्हणाल्या, "म्हणजे बदल खरा, पण श्रेय दुसऱ्याच योजनेचं. काकू, मग हिची योजना बंद करायची का?"

"बिलकुल नाही!" सासूबाई एकदम स्क्रीनकडे सरकल्या. "मंग वांगे कोण चिरन?"