चित्रातलं कुलूप

नाही, कुलूप पुसणार नाही म्हणालो, म्हणजे नाही. आवाज चढवायची मला सवय नाही, म्हणून तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा वळेल. बसा ना — त्या स्टुलावर नको, रंग ओला आहे — हां, इकडे.

तर कारखान्यासमोरच्या भिंतीवर मी त्या बायकांचं चित्र रंगवलंय, त्यात दार तेवढं उघडं दाखवायचं, बाकी छान आहे म्हणता. पाहुणे येणार, त्यांना बरं दिसलं पाहिजे, नाहीतर भिंतीला चुना. साहेब, शिलाईखात्याला आग लागली तेव्हा बायका आत, किल्ली मुकादमाच्या खिशात आणि मुकादम जेवायला गेलेला — खरं दार उघडायला तुमचं कुणी आलं नाही, आणि चित्रातलं उघडायला कंपनीनं माणूस घरी धाडलाय. मी मुकादम रंगवला का? त्याचं जेवण रंगवलं का? कुलूप तेवढं रंगवलं.

ते दार मला पाठ आहे हो. हिरव्या रंगाचे दोन हात मीच दिलेले. त्यावर ‘शांतता राखा’ हेही माझंच. पाट्या रंगवणं हा धंदा — अक्षरं जन्मभर गिरवली, पण वाचता कुठे येत होती? लोक कागद द्यायचे, मी तसंच्या तसं उतरवायचो. वाचायला लेकीनं शिकवलं. ओळीवर बोट ठेवायची, म्हणायची, बाबा, वाचा बघू — मी अडखळलो की हसायची. ती पाटी बघून तर पोट धरून हसली. आम्ही गातो ना, म्हणाली, आमच्यासाठीच आहे ही. जाऊ द्या.

मघाशी म्हणालात ना, त्या सगळ्या गाताहेत ते फार सुंदर झालंय? जरा हळू. आत ही आहे — गुणगुणतेय ना, तोवर तिला ऐकू जायचं नाही. कामावर त्या गायच्या, डोळा लागू नये म्हणून, हे खरं. आणि आगीनंतर पहारेकऱ्यानं हिला सांगितलं, लेक शेवटपर्यंत देवाचं गाणं म्हणत होती. तेव्हापासून ही रोज भिंतीपुढे जाते, हात जोडते, तेच गाणं म्हणते, मग घरी येऊन दोन घास खाते. त्या गाण्यावर जगतेय ती. पण मी त्या दिवशी दारापाशी पोचलो होतो, साहेब. कुलपावर दगड घालत होतो. गात नव्हतं कुणी.

तोंडं मी अशी रंगवली, की तिला गाणं दिसावं. मला काय दिसतं ते माझ्यापाशी. देवाचं म्हणाल तर तो आता माझा कुणी लागत नाही — तिचा आहे, म्हणून त्याला धक्का लावत नाही एवढंच. तोंडांत खोटं मिसळलं ते तिच्यासाठी. कुलपात तुमच्यासाठी कशाला मिसळू? आणि उघडं दार दाखवलं तर ती काय समजेल — दार उघडं होतं, तरी लेक घरी आली नाही?

चुना फासायचा तर खुशाल फासा. निघा आता. जाताना दार लोटू नका, आमच्याकडे ते उघडंच असतं.

थांबा जरा — आत गुणगुणत होती ना ही?

कधी थांबली?